उपचाराआधीच खर्चाचं बोला

महोदय,

घरातलं कुत्रं-मांजर आजारी पडलं की आधी उपचार आणि पैशांची जुळवाजुळव मागाहून, असं बहुतेक घरांत होतं. मदत मिळवायची असेल तर हा क्रम उलटा हवा. अशी मदत देणाऱ्या धर्मादाय संस्था भरून झालेल्या बिलाचे पैसे सहसा परत करत नाहीत. त्या अंदाजपत्रक पाहून मंजुरी देतात आणि रक्कम थेट दवाखान्याला पाठवतात.

म्हणून पहिल्या तपासणीनंतर लगेच लेखी अंदाजपत्रक मागून घ्यावं. 'एकूण खर्च अमुक' अशा एका ओळीनं काम होत नाही. रक्तचाचणी, एक्स-रे, भूल, शस्त्रक्रिया, सलाईन, दाखल ठेवण्याचे दिवस आणि घरी न्यायची औषधं अशी एकेक बाब किमान आणि कमाल रकमेसह लिहिलेली हवी. खाली निदान, तारीख आणि डॉक्टरांची सही. सोबत उत्पन्नाचा पुरावा जोडावा. नसबंदी झाली आहे का, हेही काही संस्था विचारतात. एकाच संस्थेकडून सगळी रक्कम क्वचितच मिळते. तेव्हा एकाच दिवशी तीन-चार ठिकाणी अर्ज टाकावेत आणि बाकीच्या अर्जांची माहिती प्रत्येकीला द्यावी, लपवू नये.

अंदाजपत्रक हातात आलं की डॉक्टरांना सरळ विचारावं, 'या चाचणीनं उपचार बदलणार आहेत का?' प्रामाणिक डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. थोडंसं लंगडणारं पण नीट खाणारं कुत्रं असेल, तर तपासणीनंतर काही दिवस विश्रांती आणि वेदनाशामक देऊन पाहता येतं. एक्स-रे गरज पडल्यास नंतर. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हेच काम अनेकदा स्वस्तात होतं, वेळ मात्र जास्त लागतो.

थांबायचं कुठे नाही, हेही ठाऊक हवं. बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कण्हतोय आणि लघवीचा थेंबही येत नाही, म्हणजे मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. नसबंदी न झालेली कुत्री माजानंतर काही आठवड्यांनी खूप पाणी पिऊ लागली, मलूल झाली, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. अशा वेळी अर्जाच्या उत्तराची वाट पाहू नये. दवाखान्यात शिरतानाच आज किती भरता येतील ते सांगून बाकीच्या रकमेचे हप्ते मागावेत आणि ठरलेलं लिहून घ्यावं.

विम्याचा उपयोग निदानानंतर जवळजवळ शून्य. आधीपासूनचा आजार वगळलेला असतो, नव्या पॉलिसीला प्रतीक्षा काळ असतो आणि बहुतेक योजनांत पैसे आधी आपण भरायचे असतात. लोकवर्गणी मागायची तर रडवेल्या मजकुरापेक्षा अंदाजपत्रकाचा फोटो आणि रक्कम थेट दवाखान्यात भरण्याची सोय जास्त कामाची.

आणि पैसे वाचवायला घरातल्या गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराच्या जिवावर बेतू शकते, कारण ती पचवण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात तोकडी असते. खर्च झेपणारच नसेल तर तसं स्पष्ट सांगावं, म्हणजे वेदना आटोक्यात ठेवणारे साधे उपचार किंवा दयामरण यांवर डॉक्टर वेळेत बोलू शकतात.

— एक वाचक