‘नळ्या नकोत’ हे कागदावर नीट लिहा

संपादक महोदय,

‘बाबांना नळ्या नको होत्या’ असे नातेवाईक अतिदक्षता विभागाच्या दाराशी सांगतात. डॉक्टरांच्या हाती मात्र कागद नसतो. कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचे, त्या वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२३ पासून ते करण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते.

‘माझे हाल करू नका’ एवढाच मजकूर निरुपयोगी. व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय सुरू करणे, नळीने अन्न यांपैकी काय, कोणत्या अवस्थेत नको, ते लिहावे. निर्णय घेणाऱ्या एकाहून अधिक जवळच्यांची नावे घालावीत. प्रती त्यांना, फॅमिली डॉक्टरांना आणि पालिका किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला द्याव्यात. बँकेच्या लॉकरमधला कागद रात्री दोनला कोण काढणार?

तरीही एकट्या डॉक्टरच्या शब्दावर व्हेंटिलेटर काढता येत नाही. रुग्णालयाचे किमान तिघा डॉक्टरांचे प्राथमिक मंडळ, मग किमान तिघांचेच दुय्यम मंडळ, प्रत्येकाचे मत शक्यतो ४८ तासांत. अंमलाआधी रुग्णालयाने न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणे. दुय्यम मंडळातला एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवायचा असतो. ते नाव आधीच ठरलेले नसेल, तर घोडे तिथेच अडते.

– एक वाचक