मदतीला फोन करणाऱ्याला पोलिसांची भीती नको

मा. केंद्रीय अर्थमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

१९८५चा एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली पदार्थांविषयीचा कायदा, आपल्या मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे येतो, म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहीत आहे.

गर्द विकणाऱ्यांना सूट द्या, असं मी म्हणत नाही. त्यांच्यावरची कारवाई आणखी कडक झाली तरी चालेल. माझं म्हणणं कलम २७बद्दल आहे. या कलमाखाली नुसतं सेवनही गुन्हा ठरतं. हेरॉइन, कोकेन असेल तर एक वर्षापर्यंत कैद, गांजा-चरस असेल तर सहा महिन्यांपर्यंत.

या शिक्षेची भीती जिवावर उठते ती ओव्हरडोसच्या वेळी. हेरॉइन जास्त झालं की श्वास मंदावतो, घशात घरघर लागते, ओठ निळे पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. नॅलोक्सोन हे हेरॉइनचा परिणाम उतरवणारं औषध वेळेत मिळालं तर काही मिनिटांत माणूस पुन्हा श्वास घेऊ लागतो. पण तेव्हा शेजारी असतो तो बहुतेकदा सोबत नशा केलेला मित्रच. १०८ला फोन लावला आणि मागोमाग पोलीस आले तर? कायद्याने तोही गुन्हेगारच. मग तोंडावर पाणी मारून बघतात, गालावर चापट्या मारतात, आणि वेळ हातची जाते.

खटल्यापासून संरक्षण देणारं कलम ६४अ आहे, पण ते स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसापुरतं, तेही सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी. उपचार अर्धवट सोडले तर संरक्षण काढून घेता येतं. व्यसन पहिल्या फटक्यात क्वचितच सुटतं, हे कोणताही डॉक्टर सांगेल. फोन करणाऱ्या मित्राबद्दल तर त्यात अवाक्षर नाही.

तुरुंगात व्यसन सुटेल म्हणावं, तर तिथे काही महिने गर्द मिळालं नाही की शरीराची ते पचवण्याची सवय मोडते. बाहेर येऊन जुनाच डोस घेतला की तोच जीव घेतो.

पोर्तुगालने २००१मध्ये स्वतःपुरता, दहा दिवसांचा साठा फौजदारी गुन्ह्यातून वगळला. विक्री तिथे आजही गुन्हाच आहे. अमेरिकेतल्या ओरेगननेही तसं करून पाहिलं, पण उपचारांची सोय वेळेत उभी राहिली नाही आणि २०२४मध्ये निर्णय फिरवावा लागला. म्हणून आधी उपचार केंद्रांना पैसा द्या. तो तर आपल्याच हातात आहे.

अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम १३४अ २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात आलं. इथेही तसंच हवं. सेवनाची कैद रद्द करा. त्याला वेळ लागणार असेल, तर निदान ओव्हरडोसमध्ये मदत मागणाऱ्यावर आणि वाचलेल्यावर कलम २७ लागणार नाही, एवढी दुरुस्ती येत्या अधिवेशनात मांडा.

आपला,
एक नागरिक