विजयदुर्गाहून, आपल्या फियाटसह

विजयदुर्ग

ती. आई-बाबांस, सा. न.

काल फोनवर आवाज सारखा तुटत होता, म्हणून सगळं लिहूनच कळवते. गाडी ठणठणीत आहे. अलिबागहून किनारा धरून इथवर आले. चढावर तापली की बाबांनी शिकवलंय तसं बाजूला घेते, पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकते, जरा दम खाऊ देते. फेरीबोटीवर तिचा स्टिअरिंगवरचा गिअर बघायला माणसं जमतात. बाबांच्या वयाचे गृहस्थ तर बॉनेटवरून हात फिरवल्याशिवाय हलत नाहीत.

हा किनारा मला कळला तो या फेरीबोटींमुळे. महामार्गाने जाताना खाडी पुलाखाली कधी मागे पडते ते समजतही नाही. इथे आगरदांडा, वेसवी, दाभोळ, तवसाळ, दर ठिकाणी गाडी बोटीवर चढवायची नि पलीकडे उतरवायची. तेवढ्या वेळात खाडीचं तोंड नीट दिसतं, आणि जवळपास दर तोंडाशी किल्ला! सावित्रीवर बाणकोट, वाशिष्ठीवर अंजनवेलचा गोपाळगड, शास्त्रीवर जयगड, वाघोटणवर हा विजयदुर्ग. गलबतं याच वाटांनी आतल्या बंदरांत जायची, तिथून माल घाटावर चढायचा. ज्याच्या हाती खाडीचं तोंड, त्याची जकात. शाळेत ही नावं सुटी सुटी पाठ केली होती, ती आता एका माळेत ओवली गेली.

बाबा, तुमचं आयुष्य साइटवर गेलं, म्हणून पद्मदुर्गाचं तुम्हाला सांगायलाच हवं. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला महाराजांनी तो भर समुद्रात बांधला. लाटांनी तटाचे दगड झिजून खोल गेलेत, पण सांध्यांतला चुना अजून कडा धरून उभा आहे. मी त्यावरून बोट फिरवत कितीतरी वेळ उभी होते.

विजयदुर्गाच्या तिहेरी तटावर मात्र मन खट्टू झालं. मराठा आरमार सांभाळणाऱ्या तुळाजी आंग्र्यांशी बिनसलं म्हणून पेशव्यांनी इंग्रजांशी हात मिळवला. आधी १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग गेला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज नौदलाच्या वॉटसनच्या जहाजांनी इथे तोफा डागल्या. आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. किल्ला पुढे पेशव्यांकडे आला, पण कान्होजींनी उभी केलेली समुद्रावरची जरब परत आली नाही. घरातल्या भांडणापायी एवढं मोठं घालवलं, हे मला अजून सोसत नाही.

आता मुख्य गोष्ट. उद्या मी मालवणला पोचते. तुम्ही दोघं रेल्वेने कुडाळपर्यंत या, मी गाडी घेऊन स्टेशनवर येईन. आई, तुझ्या गुडघ्यांची काळजी मला आहे, पण सिंधुदुर्गाला डोंगर चढायचा नाही. मालवणहून होडी थेट दरवाजापाशी लागते. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे, महाराजांच्या हातापायांचे ठसे आहेत आणि चहूकडे खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. १६६४ मध्ये काम सुरू झालं तेव्हा पायाच्या दगडांत शिसं ओतलं होतं, त्या पायावरचा तटही बाबांना बघता येईल. होड्या पावसाळ्यात बंद असतात, म्हणून आत्ताच या.

तिकिटं मी काढते, फक्त तारीख कळवा. बाबा, लायसन्स आणि लांबचा चष्मा आठवणीने घ्या. तारकर्लीचा रस्ता सकाळी मोकळा असतो, तिथे गाडी तुम्ही चालवायची.

तुमची,
मीनू