जुन्या रायफलींचे अर्धवट पार्ट घेणाऱ्यांसाठी सूचना

मंडळी, परत एकदा आठवण, कारण अर्धवट रिसिव्हर (बंदुकीचा मुख्य सांगाडा, ज्यात बाकीचे पार्ट बसतात) म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा, त्याला कसला कायदा, असं अजूनही बरेच जण धरून चाललेत. अमेरिकेत एटीएफचा (बंदुकांचे नियम बघणारं सरकारी खातं) नियम २४ ऑगस्ट २०२२ पासून लागू आहे, झटपट पूर्ण करता येईल असा अर्धवट रिसिव्हर बंदूकच धरला जाऊ शकतो, मग लायसन्सवाल्या डीलरकडून घेताना सिरियल नंबर आणि बॅकग्राउंड चेक आलाच. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही नियम उचलून धरला, तेव्हा "केस चालू आहे ना अजून" हे कारण आता नको. राज्यांचे कायदे आणखी कडक असू शकतात, ते आधी बघा.

अँटिक म्हणून बंदुकीच्या कायद्यातून मिणारी सूट १८९८ किंवा त्याआधी बनलेल्या बंदुकीला आहे, डिझाइन जुनं पण रिसिव्हर आत्ताचा, तर काडतूसवाल्या रायफलीला ती मिळत नाही.

स्टीलचं म्हणाल तर विक्रेत्याकडून ग्रेड आणि हीट ट्रीटमेंट लेखी घ्या, नुसतं "ओरिजिनल स्पेक" चालणार नाही. १९०३ स्प्रिंगफिल्ड या जुन्या अमेरिकन लष्करी रायफलीचे, स्प्रिंगफिल्ड कारखान्यातले ८,००,००० च्या खालच्या सिरियल नंबरचे आणि रॉक आयलंड कारखान्यातले २,८५,५०७ च्या खालचे काही रिसिव्हर भट्टीत जास्त तापल्याने ठिसूळ निघालेत, वरून अगदी चकाचक दिसतात हो, पण ते भिंतीवरच ठेवा, फायर करू नका.