बालगृहातली खरूज नुसत्या मलमाने जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लातूर जिल्ह्यात ३१ वर्षे आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर तालुक्याच्या गावातल्या एका बालगृहात महिन्यातून दोनदा जाते. तिथली ४३ मुले पावसाळ्यापासून खरजेने बेजार आहेत.

दुसरीतला एक मुलगा मला बघितले की हात पाठीमागे नेतो. मोठ्या मुश्किलीने हात पुढे घेतले, तर बोटांच्या बेचक्यांत पू धरलेला. रात्रभर खाजवतो आणि शाळेत डुलक्या घेतो. वर्गात त्याच्या शेजारी कुणी बसत नाही. ‘सिस्टरबाई, मलम तर रोज लावतो,’ म्हणाला. लावतो हे खरे आहे. पण गाद्या २६ आणि मुले ४३. एकाची बरी झाली की त्याच गादीवरचा दुसरा त्याला परत देतो.

यावर इलाज साधा आहे. सगळ्यांना एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत मलम लावायचे, आठवड्याने पुन्हा लावायचे आणि त्याच वेळी चादरी-कपडे कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचे. पण एका चुलीवर ४३ मुलांच्या चादरींना पाणी कसे तापवायचे? २०१६ च्या बाल न्याय नियमांत सात मुलांमागे एक शौचालय आणि दहा मुलांमागे एक न्हाणीघर सांगितले आहे. इथे वापरात तीन शौचालये आणि दोन न्हाणीघरे. एका न्हाणीघराला कडी नाही, म्हणून मोठ्या मुली अंधार पडल्यावरच अंघोळ करतात. हे लिहिताना माझा जीव तुटतो.

संस्थेचे लोक वाईट नाहीत. अनुदान महिनोन्‌महिने येत नाही, मग किराणा उधारीवर. उधारीच्या यादीत तांदूळ-डाळ आधी, साबण शेवटी. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत एका मुलामागे महिन्याला ३००० रुपये धरले आहेत, म्हणजे दिवसाला शंभर. ते तरी दर महिन्याला वेळेवर द्या, एवढेच शासनाकडे मागणे आहे. आणि दर तीन महिन्यांनी तपासणी समितीने यायचे असते. तिने रजिस्टरवर सही करण्याआधी गाद्या उचलून पाहाव्यात, मुलांची बोटे पाहावीत.

वाढदिवसाला केक घेऊन येणाऱ्यांचे मन मोठे आहे. मुले त्या दिवशी खरेच खूश असतात. पण पुढच्या वेळी केकऐवजी दोन सुती चादरी आणा, अंगाचा आणि कपड्यांचा साबण आणा.

येत्या रविवारी आम्ही सगळ्यांना एकदम मलम लावणार आहोत. गल्लीतल्या चार बायका धुण्याला येतो म्हणाल्या आहेत. कुणाच्या माळ्यावर पाणी तापवायचा जुना बंब पडून असेल, तर तेवढे दोन दिवस द्यावा. बालगृहाचा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

एक निवृत्त आरोग्यसेविका,
लातूर जिल्हा