बॅच फाइल आणि शिगम्याचे फोटो

फोंडा, रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या बॅच फाइलचं (विंडोजला ओळीने आज्ञा देणाऱ्या फाइलचं) रडगाणं वाचलं आणि हसू आलं: नावात स्पेस असलेल्या फाइल्स लूपला सापडत नाहीत, कोट घातले तरी. परवाच माझीही अशीच फजिती झाली रे.

दिवसभर पाऊस. घरात बसून मंडळाचे शिगम्याचे जुने फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवायला घेतले. नावं पोरांनी ठेवलेली: 'शिगमो मेळ 12.जेपीजी', 'घोडेमोडणी रात्र.जेपीजी'. 'फॉर /एफ'ला, म्हणजे ओळ-ओळ वाचणाऱ्या लूपला, 'डीआयआर /बी'ची नुसत्या नावांची यादी दिली. चहा ओतून येतो तो पडदाभर एकच तक्रार: फाइल सापडत नाही. फाइल तर डोळ्यांसमोर!

'एको' (पडद्यावर छापायची आज्ञा) लावून पाहिलं, तर लूपच्या %%ए या व्हेरिएबलमध्ये नुसतं 'शिगमो'. मेळही गेला, 12 ही गेले. 'फॉर /एफ' प्रत्येक ओळ स्पेस आणि टॅबवर तोडतो आणि पहिला तुकडा तेवढा हातात देतो, मुळातच तसा आहे तो. तू म्हणतोस, कोट घालूनही फरक पडला नाही. कसा पडणार? इसवण कापून डोकंच हातात दिल्यावर ते कितीही नीट कागदात बांध, मासा पुरा होतोय थोडाच!

आधी तोडणं थांबव. फॉर /एफ "डेलिम्स=" असं लिही; डेलिम्स म्हणजे कुठल्या चिन्हांवर तोडायचं ते, म्हणून बरोबरच्या चिन्हापुढे काहीच नको. मग अख्खं नाव येतं. कॉपीच्या ओळीत "%%ए" ला कोट हवेतच, नाहीतर तिथे पुन्हा त्याचे तीन शब्द होतात. आणि टक्के दोन फक्त बॅच फाइलमध्ये, प्रॉम्प्टवर (काळ्या खिडकीत थेट टाइप करताना) एकच.

साध्या 'फॉर %%ए इन (*.जेपीजी)' मध्ये नाव तुटत नाही, कोट पुरतात. पण नावं बदलायची तर मी डीआयआरचीच यादी घेतो. ती आधी पुरी तयार होते, नाहीतर बदललेलं नाव फिरून लूपमध्ये शिरायचं.

पुढे वेगळंच झालं. स्पेसच्या जागी अंडरस्कोर घालायला डिलेड एक्स्पान्शन (व्हेरिएबल !नाव! असं लिहून त्याची किंमत ओळ चालतानाच घेणं) चालू केलं, आणि 'वा! रोमट.जेपीजी' मधलं उद्गारचिन्ह त्याने गिळलं. आता नाव व्हेरिएबलमध्ये ठेवल्यावरच, लूपच्या आत, सेटलोकल लिहून ते चालू करतो आणि फेरीअखेर एंडलोकलने बंद.

'रेन'च्या, म्हणजे नाव बदलायच्या आज्ञेच्या, आधी 'एको' लिहून एकदा नुसतं वाचून घे. नाहीच जमलं तर चवथीला येताना लॅपटॉप घेऊन ये. आई नेवऱ्या करणारच आहे.

तुझा,
शेवटच्या बाकावरचा सोबती