ती. आई-बाबा, मंडळाच्या नाटकाचे टोप पाठवतोय

मुंबई

ती. आई-बाबांना सा. न.

गणपतीतल्या नाटकासाठी दोन टोप कुरिअरने बडोद्याला दांडिया बाजारच्या घरी येतील. बाबा, रंगपट तुमच्याकडे, म्हणून सविस्तर लिहितोय. आई, खोप्याचं मात्र तू बघ.

लांब केसांचा टोप खऱ्या केसांचा आहे, कुरळा सिंथेटिक. कुरळ्याला गरम चिमटा अजिबात लावू नका, धागा वितळून चिकटतो. कुरळे सैल पडले तर बटा रोलरवर गुंडाळून वीतभर अंतरावरून वाफ द्या आणि रोलर रात्रभर तसेच ठेवा. तो धागा थंड होताना असतो त्याच आकारात बसतो, म्हणून गरम असताना सोडला की सगळं फुकट. खऱ्या केसांचं उलटं. भाद्रपदातली दमट हवा लागली की त्यांचं वळण उतरतं, म्हणून पडदा वर जायच्या अर्ध्या तासापर्यंत रोलर काढू नका.

कपाळाकडची जाळी हीच टोपाची खरी किंमत. कडेला एकेक केस सुईने गाठलेला आहे, मागे दोन-तीन एकत्र. पूर्ण टोप असा हाताने गाठायला ४० तास सहज जातात. पुढची जास्तीची जाळी मुद्दाम ठेवली आहे. टोप डोक्यावर बसल्यावर केसांपुढे ३-४ मिमी सोडून कापा, पण नागमोडी. सरळ कापली तर दिव्यात रेघ दिसते.

नटाचे स्वतःचे केस चापून बसवा, वर नायलॉनची टोपी, मग टोप. जाळीखाली रंग नको, तेलकट कातडीवर डिंक धरत नाही. आधी तिथे स्पिरिट फिरवा. स्पिरिट गम अगदी पातळ लावा, बोटाला चिकटेपर्यंत थांबा, मग ओलसर फडक्याने दाबा. घाईघाईत जाड थर दिला की घामाने कड सुटते आणि चकाकते. आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघा, काहींना पुरळ येतं.

काढताना ओढू नका, जाळी फाटेल. ब्रशने कडेकडेने आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा, डिंक सुटला की उचला. डोळ्यांत जाऊ देऊ नका, जवळ निरांजन-उदबत्तीही नको. नेलपॉलिश रिमूव्हर कुरळ्या टोपाजवळ आणू नका, ॲसिटोनने तो धागा विरघळतो.

आई, खोप्यात आत गंगावन शिवलेलं आहे. गजऱ्याच्या पिना त्यातच खोच, जाळीत नको. गजरा नीट निथळून घे, ओल्या फुलांचं वजन मागे ओढतं आणि कपाळाची कड उचलते.

यातून पोट भरतं का, असं बाबांनी फोनवर विचारलं होतं. ड्रॅगच्या, म्हणजे भडक स्त्रीवेशात करतो त्या प्रयोगांवर भरत नाही, त्या रात्री कधी सलग येतात, कधी महिनाभर नाहीत. टोपांवर भरतं. धुणं, पुन्हा सेट करणं, तुटलेली जाळी गाठणं हे काम सतत असतं. केमोनंतर केस गेलेल्यांसाठीही करतो, त्यांचे टोप मुद्दाम विरळ आणि हलके, दाट केले की लगेच खोटे वाटतात. ड्रॅगमध्ये तीच काळजी नेमकी उलटी: दोन टोप एकावर एक शिवायचे, आत फोम, कारण तिथे टोप नजरेत भरायलाच हवा. वजन वाढलं की कपाळ दुखतं, म्हणून भार मागच्या पट्ट्यांवर घ्यावा लागतो. बालगंधर्वांच्या प्रेक्षकांना टोप विसरायचा होता; माझ्या प्रेक्षकांना तो बघायचा असतो. बालगंधर्वांना १९६४ साली पद्मभूषण मिळालं, गुजराती रंगभूमीवर त्यांच्यासारख्याच स्त्रीभूमिका करणाऱ्या जयशंकर ‘सुंदरीं’ना १९७१ साली. शेजारी कुणी कुजबुजलं तर एवढं सांगून चहा द्या.

नटाच्या डोक्याचा घेर कपाळ-कान-मान असा फिरवून मोजा. ५७ सेंमीच्या वर निघाला तर टोप ताणून बसवू नका, आधी मला कळवा. पट्टे सोडवायचे कसे ते व्हिडिओवर दाखवतो.

तुमचा धाकटा